पांडेसऱ्यातले पंधराशे मीटर

अमळनेर तालुक्यातलं कोणतंही एक घर घ्या. आजोबा कोरडवाहू कापूस करायचे. थोरला मुलगा गावात राहिला, धाकटा सुरतेला गेला आणि पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये लागला. आता दोघांची मुलं वीस-बावीसची झाली आहेत आणि दोघंही पहाटे पळतात. गावातला सोळाशे मीटर पळतो, सुरतेतला पाच हजार. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना सोळाशे आणि मुलींना आठशे मीटर असतं. गुजरातच्या लोकरक्षक भरतीत मुलांना पाच हजार आणि मुलींना सोळाशे. कागदपत्रं जिकडची, अंतर तिकडचं.

दिवाळीत पांडेसऱ्याच्या मिल बंद होतात. उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव असा तापीकाठचा सगळा मुलूख गावी परततो. मग हे दोघे चुलतभाऊ पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर एकत्र पळतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, ‘टायमिंग किती येतं तुझं?’ बांधावरून कोणी काका ओरडतात, ‘पय रे भाऊ, पय!’ त्या चार दिवसांत सुरतेतल्या मुलाला बहुधा पहिल्यांदा कळतं की शेजारी दुसरा माणूस असला की आपले पाय वेगळे पडतात.

माझं म्हणणं या शेजारच्या माणसाबद्दल आहे. आपल्याकडे मध्यम पल्ल्याचं धावणं भरपूर आहे. शर्यत मात्र नाही.

आकडे नीट पाहिले की हे दिसतं. महाराष्ट्र पोलीस भरतीत सोळाशे मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, लागोपाठ चार वेळा. मुलींना ८०० मीटरसाठी २ मिनिटं ५० सेकंद. सैन्यभरतीच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं की ६० गुण. गुजरातेत मुलांना ५००० मीटरसाठी २५ मिनिटं मिळतात, म्हणजे फेरीला दोन मिनिटं आणि अशा साडेबारा फेऱ्या. मुलींना १६०० मीटरसाठी साडेनऊ मिनिटं. पूर्वी तिथे वेळेनुसार गुण होते. २०२४च्या नव्या नियमांनी ते गेले. आता धावणं फक्त पार करायचं, पुढचं सगळं लेखी परीक्षेवर.

परीक्षा म्हणून या नियमाला मी नावं ठेवणार नाही. पोलिसाला दम हवा, तो पाच हजारात दिसतो, आणि गुणांसाठी जीव तोडून पळणाऱ्या मुलांचे हाल तरी त्यामुळे कमी होतात. पण धावणारा म्हणून पाहिलं तर पांडेसऱ्यातला मुलगा इथेच हुकतो. पंचवीस मिनिटांत बसायचं एवढंच ध्येय असलं की तो फेरीला दोन मिनिटांच्या चालीला चिकटतो. ती चाल जमली की थांबतो. त्याच्या पायात सत्तर सेकंदांची फेरी आहे की नाही, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही स्वतःला विचारत नाही. गावातला चुलतभाऊ निदान साडेसत्त्याहत्तरपर्यंत येतो. पण ५:१०च्या आत आलं की त्यालाही पुढे जायचं कारण उरत नाही. ‘ग्राउंड निघालं’ म्हणतात तेव्हा धावणं संपलेलं असतं. ग्राउंड नाही निघालं तर पुढच्या जाहिरातीपर्यंत पुन्हा तेच.

मध्यम पल्ला या शब्दावर जाऊ नये. त्यात मध्यम काहीच नाही. आठशे मीटरमध्ये शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन पंचमांश किंवा थोडी जास्त प्राणवायूवर तयार होते, पंधराशेत चार पंचमांशांच्या आसपास. उरलेली प्राणवायूविना उसनी घ्यावी लागते आणि त्याची किंमत स्नायूंत साठणाऱ्या आम्लतेने चुकती होते. शंभर मीटरवाल्याची शर्यत ही किंमत वसूल व्हायच्या आत संपते. मॅरेथॉनवाला आपली चाल त्या उंबरठ्याच्या खाली ठेवतो. आठशे-पंधराशेवाल्याला मात्र उंबरठ्यावरच उभं राहून विचार करावा लागतो, आणि विचार करायचा तो दुसऱ्या माणसांबद्दल: कोण पुढे आहे, कोण मागून श्वास टाकतोय, आता निघू की अजून शंभर मीटर थांबू.

भरतीच्या मैदानात हे शिकायला मिळत नाही. तिथे चिप लावून एका गटात पुष्कळ मुलं सोडतात आणि प्रत्येक जण घड्याळाशी एकटा असतो. असा मुलगा पहिल्यांदा खऱ्या पंधराशेला उतरतो तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं असतं. गुजरातेत २०१०पासून खेल महाकुंभ भरतो. त्यात शाळकरी वयोगटांबरोबर मोठ्यांसाठी खुला गटही असतो, म्हणजे मिलमध्ये लागलेल्या मुलालाही नाव देता येतं. अशा कुठल्याही पहिलटकराची शर्यत साधारण पुढीलप्रमाणे होते.

पंधराशे म्हणजे पावणेचार फेऱ्या. सुरुवात वळणदार रेषेवरून होते, स्वतःची लेन नसते. पिस्तूल वाजताच आपला मुलगा भरतीच्या सवयीने सुटतो, कारण भरतीत मागे राहिलं की गर्दीत अडकतो हे त्याने शिकलेलं असतं. पहिल्या तीनशे मीटरला तो सगळ्यांच्या पुढे असतो. त्याला वाटतं, हे तर सोपं आहे. मागचे चार-पाच जण त्याच्या पाठीशी लागून त्याच्या आडोशाने वारा चुकवतात. समोरची हवा तो एकटा कापतो आणि त्याचा खर्चही तो एकटाच करतो. पुढच्या फेरीत कोणी बाजूने आला की तो घाबरून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि वळणं बाहेरूनच घेतो. हिशेब सरळ आहे: आतल्या कडेपासून एक मीटर जास्त बाहेरून पळलं तर एका पूर्ण फेरीत सव्वासहा मीटर जास्त पडतात. दोन फेऱ्या असं केलं की साडेबारा मीटर गेले. शेवटच्या सरळ पट्टीवर साडेबारा मीटर म्हणजे पहिला आणि सहावा यांच्यातलं अंतर.

मग सातशे ते अकराशे मीटरची फेरी येते. पंधराशे पळणारा कोणीही सांगेल, शर्यत इथे हरली जाते. सुरुवातीची हुशारी संपलेली असते आणि शेवटची घंटा अजून वाजलेली नसते. मांड्या जड होतात, खांदे वर चढतात. मनातलं घड्याळ सांगतं की आपण बरोबर चाललोय, पण बाकीच्यांनी वेग थोडा वाढवलेला असतो आणि ते एकेक करून निघून जातात. घंटा वाजते तेव्हा तो सहावा-सातवा असतो. तिथून तो पुन्हा जोर लावतो, एक-दोघांना गाठतो आणि पडतझडत रेषा ओलांडतो. नंतर वेळ कळते तेव्हा त्याला खरं वाटत नाही. सरावात एकट्याने कधीच न आलेली वेळ त्याने काढलेली असते, हरूनही.

हे शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून माझा शर्यतीसाठी हट्ट आहे. आणि वर्षातून एकदा पुरत नाही. पहिल्या शर्यतीत चुकलेलं दुसऱ्या शर्यतीत दुरुस्त करायला महिन्याभरात पुन्हा रेषेवर उभं राहावं लागतं.

भारताच्या सर्वांत गाजलेल्या ८०० मीटरमध्येही हेच आहे. १९७६च्या माँट्रिअल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत राजपुताना रायफल्सच्या श्रीराम सिंग यांनी पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहून एक्कावन्न सेकंदांच्या आत काढली. क्युबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाने नंतर १:४३.५०चा विश्वविक्रम केला आणि त्याचं श्रेय श्रीराम यांनी लावलेल्या वेगालाही दिलं. श्रीराम सातवे आले. वेळ १:४५.७७. पदक नाही, पण तो भारतीय विक्रम बेचाळीस वर्षं टिकला. २०१८मध्ये गुवाहाटीला जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ काढले तेव्हा तो मोडला. जगातल्या सर्वांत तगड्या माणसांच्या पुढे पळताना आलेली वेळ देशात दोन पिढ्यांना गाठता आली नाही.

आता वेळेचा दुसरा प्रश्न, सेकंदांचा नव्हे तर तासांचा. एका मैलासाठी चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा ओलांडली ती पूर्णवेळ खेळाडूने नव्हे. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर ३:५९.४ काढणारा रॉजर बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात वैद्यकीचं शिक्षण घेत होता. शर्यतीच्या दिवशी सकाळीही तो रुग्णालयात गेला होता आणि तिथल्याच धार लावायच्या दगडावर त्याने बुटांचे खिळे घासले. त्याचा सराव चाले तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, पॅडिंग्टनच्या ट्रॅकवर. तासाभरात जाणं, पळणं आणि परत येणं. शर्यतीत चाल लावायला ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन मित्र होते. म्हणजे मध्यम पल्ल्याला फार काही लागत नाही. दिवसाचा एक तास, एक ट्रॅक आणि सोबत पळणारी दोन माणसं. पण तो तास रोजचा आणि ठरलेला हवा.

पांडेसऱ्यात पैशापेक्षा हा तास दुर्मीळ आहे. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची ही वसाहत म्हणजे कापडावरच्या प्रक्रियेचं गाव. ग्रे कापडाचे ताके येतात, जेट मशिनात रंगतात, छापखान्यात छापले जातात, स्टेंटरवर ताणून वाळतात, फोल्डिंगमध्ये घडी होऊन बाजारात जातात. आजूबाजूच्या बमरोली, भेस्तान, उधना, डिंडोली या पट्ट्यात खानदेशी, ओडिया, उत्तर भारतीय असे सगळे कारागीर राहतात. बारा तासांची पाळी इथे सर्रास आहे, सात ते सात. आठवडा-पंधरवड्याने दिवसपाळीची रात्रपाळी होते. दिवसपाळीत मुलगा पहाटे साडेचारला उठून पळू शकतो. रात्रपाळीत तो सकाळी सातला सुटतो तेव्हा शरीराला झोप हवी असते आणि ऊन चढायला लागलेलं असतं. सरावाची लय पंधरा दिवस बसते आणि पुढचे पंधरा दिवस मोडते. पंधराशेचा दम वाढतो तो आठवड्यामागून आठवडा साठत जाणाऱ्या कामातून, आणि हे साठणंच पाळी होऊ देत नाही.

त्यात हवा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात पळणारा जवान मुलगा शंभर लिटरच्या वर. मिलच्या बॉयलरच्या चिमण्या आणि ट्रकांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर जो पळतो, तो इतरांच्या कितीतरी पट धूर छातीत भरून घेतो. म्हणून शहाणी मुलं पहाट गाठतात किंवा वसाहतीपासून लांब जातात. लांब जायचं म्हणजे पुन्हा वेळ.

मजुराला धावायला अडवणारे नियम एके काळी उघड लिहिलेले होते. १८६६मध्ये लंडनला निघालेल्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने हौशी धावपटूची व्याख्या केली. तिच्यात यंत्रकाम करणारे, कारागीर आणि मजूर यांना जागा नव्हती. हाताने काम करणाऱ्याचं शरीर कमावलेलं असतं, सबब सभ्य गृहस्थांशी त्याची स्पर्धा नको, असा युक्तिवाद होता. १८८०मध्ये ऑक्सफर्डला अमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली तेव्हा ते कलम गेलं. भारतात ॲथलेटिक्सची सुरुवात तर उलट टोकाकडून झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांना वाटलं की ही माणसं ऑलिंपिकला न्यायला हवीत. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो छोटा संघ गेला, त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. मॅरेथॉनमध्ये तो एकोणिसावा आला. शंभर वर्षांपूर्वी कष्टकऱ्यांना धावताना पाहायला कोणीतरी मैदानाच्या कडेला उभं होतं, म्हणून हे झालं. पांडेसऱ्याच्या पहाटेच्या रस्त्याकडेला आज कोण उभं असतं?

गुणवत्ता नाही, असं सुरतेत म्हणवणार नाही. शहराच्या आग्नेयेला डांग जिल्हा आहे, नाशिक, धुळे आणि नंदुरबारला चिकटलेला. तिथली बोली मराठी, गुजराती आणि अहिराणीच्या सीमेवर नांदते. कुमारबंध गावचा मुरली गावित २०१९मध्ये दोहाच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आला. कराडीआंबाची सरिता गायकवाड आधी खो-खो खेळायची. २०१८च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ४ बाय ४०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ती होती. पुढे गुजरात सरकारने तिला पोलीस उपअधीक्षकपद दिलं. पोलिसात जायचं म्हणून पळणाऱ्या मुलींनी ही वाट लक्षात ठेवावी: ती धावत राहिली आणि वर्दी नंतर आली.

मुलींबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. मुलगा पहाटे साडेचारला एकटा बाहेर पडला तर घरात कोणी जागंही होत नाही. मुलगी निघाली तर बाप किंवा भाऊ सोबत हवा. बाप रात्रपाळीला असला की तिचा सराव बंद. आई दिवसभर घरात साड्यांना लेस आणि टिकल्या लावत असते, तेव्हा सकाळचं पाणी आणि डबे मुलीच्याच वाट्याला. अशा घरातून जी मुलगी १६०० मीटर सात मिनिटांत मारते, ती ट्रॅकवर चार महिने नीट घालवले तर कुठवर जाईल, हे पाहायची मला मनापासून इच्छा आहे. सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर दुष्काळी गावातून निघाली आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. प्राथमिक फेरीतली तिची ९:१९.७६ ही वेळ राष्ट्रीय विक्रम होता.

वयाची सबब इथे नेहमी ऐकू येते. ‘आता बावीसचा झाला, आता काय पळणार.’ अविनाश साबळेची हकीगत या सबबीला पुरेसं उत्तर आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. शाळा सहा किलोमीटर लांब, तो चालत-पळत जायचा, पण खेळाडू म्हणून नव्हे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत जवान झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतींत तो २०१५मध्ये उतरला, तेव्हा एकविशीच्या आसपास होता. तीन वर्षांनी भुवनेश्वरला त्याने स्टीपलचेसमध्ये ८:२९.८० काढले आणि गोपाल सैनींचा १९८१पासूनचा विक्रम मोडला. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटने त्याला पाच शतांश सेकंदांनी मागे टाकलं. १९९८ ते २०१८ या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडे गेली होती. त्या रांगेत मांडव्याचा मुलगा दुसरा आला. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण, पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी, आणि २०२४मध्ये पॅरिसच्याच डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

साबळेकडे निसर्गाने दिलेलं जे होतं ते विरळाच. पण ते उजेडात आलं एका साध्या गोष्टीने: रेजिमेंटमध्ये शर्यत होती आणि त्यात त्याला पळायला लावलं. सैन्यात पलटणीपलटणीत क्रॉस कंट्री होते, म्हणून सैन्यातून धावपटू येतात. पांडेसऱ्यात साबळेच्या तेव्हाच्या वयाची हजारो मुलं आहेत आणि मिलच्या क्रिकेटच्या टुर्नामेंटही होतात. पंधराशेची शर्यत कोणी लावत नाही.

लावायला फार खर्चही नाही. सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर उत्तमच, पण मातीवर चुन्याने आखलेली चारशे मीटरची लंबगोल वाट चालेल. मापात मात्र चूक नको, कारण माप चुकलं तर वेळेला अर्थ राहत नाही. दोन हातघड्याळं, एक घंटा, वेळ लिहून ठेवणारा एक माणूस आणि छातीला लावायचे कापडी नंबर. कापड इथे काय कमी आहे? महानगरपालिकेच्या शाळा इथे मराठी, गुजराती, हिंदी, ओडिया अशा कितीतरी माध्यमांतून चालतात. त्यातल्या एखाद्या शाळेचं मोठं मैदान दर पंधरवड्याला एक दिवस मिळालं तरी भागेल. मुलगे आणि मुली दोघांसाठी आठशे आणि पंधराशे, वयाची अट नको, नावनोंदणी जागेवर. ज्याची वेळ येईल ती वहीत चढेल आणि पुढच्या वेळी त्याच वेळेच्या मुलांबरोबर त्याला पळवायचं, म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी त्याच्या तोडीचा कोणीतरी असेल.

शर्यतीची वेळही पाळीकडे पाहून ठरवावी. रात्रपाळी सकाळी सातला सुटते. पहिली शर्यत साडेसातला ठेवली तर ती मुलं झोपायच्या आधी पळून जातील. दिवसपाळीवाल्यांसाठी दुसरी शर्यत रात्री आठला, म्हणजे मैदानावर चार दिवे लावावे लागतील.